पिरॅमिड : कसे बांधले, की कशासाठी बांधले?

१/ पिरॅमिडांचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : एवढे दगड वर चढवले कसे? पाठोपाठ परग्रहवासीही येतात. माझ्या मते या गलबल्यात अधिक मोलाचा प्रश्न मागे पडतो : या वास्तूकडून नेमके कोणते कार्य अपेक्षित होते? त्याचे उत्तर शिखरावर नव्हे, पायथ्याशी सापडते.

२/ सक्कारा, इ.स.पू. २६५०च्या सुमारास. तिसऱ्या राजवंशातील झोसरसाठी येथे सहा टप्प्यांचा, सुमारे ६० मीटर उंचीचा पिरॅमिड उभा राहिला. परंपरा त्याचे श्रेय इम्होतेपला देते. भोवती सुमारे १५ हेक्टरांचे आवार आणि साडेदहा मीटर उंचीची तटबंदी.

३/ या तटबंदीत १५ दरवाजे आहेत. आत नेणारा एकच. उरलेले १४ दगडात कोरलेले, कायमचे मिटलेले. खऱ्या प्रवेशद्वाराशी मात्र लाकडी कवाडाची दगडी प्रतिकृती आहे, तीही कायमची उघडी. आतील एका प्रांगणात देवळ्यांच्या रांगा आहेत. त्या बहुतांशी भरीव.

४/ हे प्रांगण हेब-सेद उत्सवाचे. राज्यारोहणाला साधारणपणे ३० वर्षे झाली की राजा विधिपूर्वक धाव घेई आणि त्याची सत्ता नव्याने प्रतिष्ठित होई. तुरीनच्या राजावलीनुसार झोसरची कारकीर्द १९ वर्षांची. जिवंतपणी बहुधा न लाभलेला सोहळा त्याला मरणोत्तर अखंड लाभावा, अशी ही योजना दिसते. भूमिगत दालनांतील शिल्पपटांतही तो धावतोच आहे.

५/ म्हणून त्या देवळ्यांना ‘नकली’ म्हणणे मला पटत नाही. त्या जिवंतांसाठी नव्हत्याच. वेत, लाकूड आणि चटया यांची नाशवंत रूपे दगडात उतरवून उत्सवालाच चिरंजीव करण्याचा तो प्रयत्न होता.

६/ परंतु राजाच्या चैतन्याला नैवेद्यही हवा. पाचव्या राजवंशातील नेफेरिरकारेच्या अबुसीर येथील मंदिरात सापडलेल्या पपायरसांमध्ये सेवेकऱ्यांच्या पाळ्या, आलेल्या शिध्याचा हिशेब आणि भांड्याकुंड्यांची यादी आहे. कोणत्या वस्तूला तडा गेला आहे, हेही लिहिलेले. अमरत्व रोजच्या भाकरीवर चालत होते.

७/ त्याच राजवंशाच्या अखेरीस, इ.स.पू. २३५०च्या सुमारास, उनासने आपल्या पिरॅमिडाच्या अंतर्भागात मंत्र कोरून घेतले. ज्ञात पिरॅमिडांमध्ये असे लेखन प्रथम येथेच आढळते. १८८१ मध्ये गास्तों मास्पेरोने ही दालने उघडली. छतावर तारे आहेत आणि दफनकक्षाच्या उत्तर भिंतीवर नैवेद्य-विधीचे मंत्र आहेत.

८/ हा योगायोग मला वाटत नाही. पुरोहित कधी येईनासे होतील, कोठार कधी रिते होईल; भिंतीवरचा मंत्र मात्र तेथेच राहील. झोसरने उत्सव दगडात ठेवला, उनासने वाणी. माणसांवरचा विश्वास डळमळला की शब्दांची तरतूद करावी लागते, असा मी याचा अर्थ लावतो.

९/ तेव्हा पिरॅमिडाला ‘गूढ’ म्हणून त्यापुढे थांबणे सोपे आहे. पण त्या गूढामागे पाळी सांभाळणारा सेवेकरी आणि तडा नोंदवणारा लेखनिक दिसेनासा होतो. शिखर राजाचे असेल; ते अर्थपूर्ण ठेवणारे हात यांचे होते. पुढच्या वेळी पिरॅमिडाचे चित्र पाहाल, तेव्हा नजर थोडी खाली आणा.