कुलूप भक्कम, दार कच्चे

उन्हाळ्याची सुट्टी लागली की घरोघरी एक ठरलेली खरेदी होते. गावाला निघण्याच्या आदल्या दिवशी पतिराज बाजारात जातात आणि मुठीएवढे जाडजूड पितळी कुलूप घेऊन येतात. "हे कापायला करवत लागेल, साहेब," असे दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलेले असते. ते कुलूप लावून, दोनदा ओढून पाहून सगळे निश्चिंत मनाने स्टेशन गाठतात. पंधरा दिवसांनी परत येतात तेव्हा कुलूप जसेच्या तसे बंद असते. फक्त ज्या कोयंड्यात ते अडकवलेले होते, तो कोयंडा चार स्क्रूंसकट उपटून लोंबत असतो आणि आतली कपाटे उघडी पडलेली असतात.

कुलपाच्या भोकात तार घालून कान लावून बसणारा चोर सिनेमातच जास्त दिसतो. खऱ्या चोराला घाई असते. तो कटावणी घेऊन येतो आणि जिथे दार सर्वांत कच्चे, तिथे ती खुपसतो. ती जागा कुलूप नसतेच. ती असते कोयंड्याचे स्क्रू, चौकटीतली पातळ पट्टी किंवा खाच पाडून पोकळ झालेली दाराची कड. हजारो रुपयांचे कुलूप घेणारी माणसे त्याच्या स्क्रूवर मात्र दहा-वीस रुपये वाचवतात आणि चोराचे काम सोपे करून ठेवतात.

कुलूप उघडणे किती अवघड असते याचे एक गाजलेले उदाहरण आहे. लंडनमध्ये ब्रामा कंपनीने आपल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवून, ते किल्लीशिवाय उघडणाऱ्याला २०० गिनींचे बक्षीस जाहीर केले होते. कित्येक वर्षे ते कुणालाच जमले नाही. १८५१ साली तिथल्या मोठ्या जागतिक प्रदर्शनासाठी अमेरिकेहून आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज या कुलूपतज्ज्ञाने ते उघडून दाखवले, पण त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. एवढा वेळ कोणता चोर जिन्यात उभा राहील? म्हणून दुकानात कुलूप निवडताना जेवढी चौकशी केली जाते, तेवढीच सुतार ते बसवत असताना करायला हवी.

आपल्याकडे कुलपांची परंपरा जुनी आहे. अलिगढ तर कुलपांचे शहर म्हणूनच ओळखले जाते. तामिळनाडूतल्या दिंडिगलच्या कुलपांना २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली कुलपांचा कारखाना काढला, त्यामागेही शहरात वाढलेल्या घरफोड्यांचेच कारण होते. बाजारात आज चांगल्या मालाला तोटा नाही.

प्रकार ढोबळपणे दोन. पहिल्यात आत पितळेच्या पत्र्या असतात, त्यांना लिव्हर म्हणतात. किल्लीचा प्रत्येक दात आपापली पत्री नेमक्या उंचीवर उचलतो, तेव्हाच बोल्ट सरकतो. पत्र्या जितक्या जास्त, तितके किल्लीशिवाय उघडणे कठीण. दुसऱ्या प्रकारात एका नळकांड्यात लहान लहान पिना असतात. चपटी, खाचांची किल्ली आत गेली की त्या पिना एका रेषेत येतात आणि नळकांडे फिरते. याचे आजचे रूप अमेरिकेच्या लायनस येल यांनी १८६१ च्या सुमारास सिद्ध केले. घरासाठी दोन्ही चालतात. फ्लॅटमध्ये नुसत्या ओढून बंद होणाऱ्या लॅचवर विसंबणे मात्र बरे नव्हे. त्याची तिरकी जीभ स्प्रिंगवर असते आणि फटीतून एखादे प्लॅस्टिकचे कार्ड सरकवून ती मागे ढकलता येते. किल्ली फिरवून बाहेर येणारा आणि दाबून मागे न जाणारा बोल्ट त्यात आहे ना, हे घेण्याआधीच पाहावे.

सुतार आला की

बाहेरून लावायच्या कडी-कोयंड्याला किंवा आल्ड्रॉपला स्क्रू नकोतच. दारातून आरपार जाणारे बोल्ट घ्यावेत. त्यांचे गोल डोके बाहेर आणि नट आतल्या बाजूला. बाहेरून ते पेचकसाने फिरवता येत नाहीत आणि उपटायला गेले तर दाराची अख्खी फळीच यावी लागते. बहुतेक सुतार हे जाणतात. पण भोके आरपार पाडायचा कंटाळा करतात, आणि घरातल्या कुणी विचारले नाही तर अर्ध्या इंचाचे स्क्रू ठोकून मोकळे होतात. ठोकून हा शब्द इथे खराच आहे. स्क्रू पिळून बसवायचा असतो, हातोडीने ठोकला की लाकडातली त्याची पकड जाते.

बाहेरच्या कुलपात आणखी एक उणेपणा आहे. घरात कुणी नाही, हे ते जिन्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ओरडून सांगते. दारातच बसणारे कुलूप मालक आत आहेत की काश्मीरला, याचा पत्ता लागू देत नाही.

पण दारात कुलूप बसवायचे म्हणजे दार पोखरायचे. हल्लीच्या फ्लश दारांची जाडी बहुधा ३० ते ३५ मिलिमीटर असते. त्यात कुलपाच्या पेटीसाठी खाच पाडली की दोन्ही बाजूंना जेमतेम आठ-दहा मिलिमीटर लाकूड उरते. त्यातून सुतार घाईचा असेल तर पटाशीने खाच गरजेपेक्षा मोठी करतो आणि दाराची सर्वांत नाजूक जागा नेमकी कुलपापाशीच तयार होते. दार पातळ असेल तर आतल्या अंगाने दारावरच बसणारे पेटीसारखे कुलूप घ्यावे. ते दिसायला तेवढे देखणे नसते. दिवाणखान्याच्या सजावटीत खुपते, अशी तक्रार गृहिणी करतात आणि ती खरीही आहे. पण त्यासाठी दार पोखरावे लागत नाही आणि अशा काही कुलपांना दोन-तीन बोल्ट एकदम बाहेर येतात. आधीच खाच पाडून कुलूप बसवलेले असेल, तर त्या जागी दाराच्या दोन्ही बाजूंनी पोलादी पट्टी आवळून घ्यावी.

मग चौकट. कुलपाचा बोल्ट ज्या भोकात शिरतो, त्यावरची पट्टी ही सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत दुर्लक्षित वस्तू. कुलपाच्या खोक्यात तिच्याबरोबर येणारे स्क्रू बहुधा पाऊण इंचाचे असतात. ते चौकटीच्या वरवरच्या लाकडातच राहतात. खांद्याचा एक जोरदार धक्का बसला की लाकडाची चीर निघून पट्टी सुटते. त्यांच्याऐवजी अडीच-तीन इंचांचे स्क्रू चौकटीत खोलवर न्यावेत. बिजागऱ्यांनाही तोच न्याय. शिवाय चौकट स्वतः भिंतीत होल्डफास्टने घट्ट धरलेली आहे का, हेही पाहायला हवे. चौकटीवर मूठ आपटून पाहावी. भिंतीचा गिलावा थरथरला किंवा फट दिसली, तर आधी गवंड्याला बोलवावे, सुताराला नंतर.

काम झाल्यावर सुताराला पैसे देण्याआधी पाच मिनिटे खर्च करावीत. दार उघडे ठेवून किल्ली दहा वेळा फिरवावी, मग दार बंद करून दहा वेळा. उघड्या दारात सहज फिरणारी किल्ली बंद दारात अडली, तर बोल्ट पट्टीच्या भोकाला घासतो आहे. बोल्टच्या टोकाला खडू किंवा कुंकू लावून दार बंद करावे आणि किल्ली फिरवावी. पट्टीवर कुठे डाग पडतो ते पाहिले की दोष लगेच कळतो. बोल्ट पूर्ण बाहेर येतो ना, हेही मोजावे. भोक उथळ असेल तर तो अर्ध्यावरच थांबतो आणि घरच्यांना मात्र कुलूप लागले असे वाटत राहते.

पावसाळ्यातले दुखणे

जूनच्या मध्यावर दारे फुगतात. किल्ली फिरेना म्हणून घरातले कुणीतरी दार वर उचलून, गुडघ्याने रेटून कुलूप लावायला शिकते आणि पुढे सगळ्या घरालाच ती सवय लागते. एक दिवस किल्लीच आत मोडते. अशा वेळी रंधा मारायची घाई करू नये, कारण दिवाळीपर्यंत दार सुकले की तिथे फट पडते. पुष्कळदा दोष फुगण्याचा नसतोच. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन दार खाली उतरलेले असते. स्क्रू काढून भोकात फेव्हिकॉल लावलेली लाकडी चीप घट्ट बसवावी, सुकू द्यावी आणि नवा, जरा लांब स्क्रू पिळावा. दार जागेवर येते.

किल्ली जड चालू लागली की स्वयंपाकघरातले खोबरेल ओतण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. दोन दिवस बरे वाटते. मग त्या तेलावर धूळ बसून चिकट लगदा होतो आणि पिना अडकतात. त्याऐवजी शिसपेन्सिलीचे टोक घासून केलेली बारीक पूड किल्लीला चोळावी आणि किल्ली चार-पाच वेळा आतबाहेर करावी. किल्ली मोडलीच, तर उरलेला तुकडा दुसऱ्या किल्लीने आत ढकलू नये. मग तो निघत नाही.

भाड्याच्या किंवा विकत घेतलेल्या जुन्या घरात राहायला जाताना दुधाचे पातेले आधी न्यावे की देवघर, यावर चर्चा होते. आधीच्या भाडेकरूकडे, त्याच्या मोलकरणीकडे, रंगाऱ्याकडे किती किल्ल्या राहिल्या असतील, याचा विचार क्वचितच होतो. पिनांच्या कुलपात सगळे कुलूप काढावे लागत नाही, तेवढे नळकांडे बदलता येते. जादा किल्ली पायपुसण्याखाली, चपलांच्या कपाटात किंवा तुळशीच्या कुंडीत ठेवण्याची युक्तीही सोडून द्यावी. ती चोरांनाही ठाऊक आहे.

आतून उघडणारे दार

चोराची भीती एवढी मोठी असते की तीन कड्या, दोन आल्ड्रॉप आणि बाहेर जाळीचे दार अशी तटबंदी करून माणसे रात्री झोपतात. या तटबंदीत स्वतःच अडकण्याची शक्यता त्यांच्या मनात येत नाही. घरात आग लागली, धूर भरला आणि जाळीच्या दाराची किल्ली कुठल्या पर्समध्ये आहे ते आठवेना, तर काय करायचे? अंधारात ती हाताला लागायला हवी. दाराजवळ तिच्यासाठी एक खिळा असावा. मात्र जाळीतून बाहेरच्याचा हात पोहोचणार नाही इतका दूर. मुख्य दाराचे कुलूप आतून किल्लीशिवाय, नुसत्या खटक्याने उघडणारेच घ्यावे.

एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांचा प्रश्न याच्या उलट असतो. दिवसभर कुणी आले तर साखळी लावूनच दार उघडायचे, मॅजिक आयमधून पाहायचे, हे त्यांना मुलांनी शिकवलेले असते आणि ते योग्यच आहे. पण रात्री ते आतून वरची कडीही लावतात. पहाटे बाथरूममध्ये पाय घसरला, तर शेजाऱ्यांजवळ ठेवलेली किल्ली त्या कडीपुढे निरुपयोगी ठरते. रात्री फक्त बाहेरून किल्लीने उघडेल असेच कुलूप लावावे, आणि आतल्या भोकात किल्ली तशीच सोडू नये. कित्येक कुलपांत ती आत असली की बाहेरची किल्ली शिरतच नाही.

आणि लहान मुले. आई कचऱ्याचा डबा ठेवायला दाराबाहेर येते, वाऱ्याची झुळूक येते आणि खट्ट! गॅसवर दूध, आत दोन वर्षांचे मूल, किल्ली आतल्या खुंटीला. अग्निशमन दलाला अशा कामासाठी अनेकदा बोलावणे येते. १०१ किंवा ११२ या क्रमांकावर फोन लगेच करावा, लाजू नये. त्याआधी जे करता येते ते सोपे आहे. बहुतेक लॅचना जीभ आत अडकवून ठेवणारा एक छोटा खटका असतो. क्षणभरासाठी बाहेर पडतानाही तो लावायची सवय करावी. शिवाय एक किल्ली शेजारी ठेवावी. ज्या शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवण्याइतका विश्वास नाही, त्यांच्याशी आधी ओळख वाढवावी.

हल्ली बोटाचा ठसा किंवा आकडे दाबून उघडणारी कुलपे आली आहेत आणि किल्ली विसरणाऱ्यांची सोय झाली आहे. पण चौकट, पट्टी आणि स्क्रू यांचे गणित त्यांनाही चुकलेले नाही. भांडी घासून किंवा वयामुळे ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, त्यांचे ठसे यंत्र पुष्कळदा ओळखत नाही, म्हणून आकड्यांची सोयही त्यात असावी. ही कुलपे सेलवर चालतात आणि सेल संपत आले की आधी इशारा देतात. तरीही ते संपलेच, तर बाहेरून नऊ व्होल्टची बॅटरी टेकवून उघडण्याची सोय अनेक कुलपांत असते. ती बॅटरी घेऊन ठेवणारे पुष्कळ आहेत. ती त्यांनी आतल्या कपाटात न ठेवता शेजाऱ्यांकडे ठेवावी.