स्वस्त गाडी महागात पडू नये

प्रश्न : आम्ही झाशीत राहतो. पती दिल्लीतली 9 वर्षांची डिझेल गाडी स्वस्तात घेऊ म्हणतात. दीर आपली जुनी गाडी दुबईहून पाठवायला तयार आहेत. काय करावे?

उत्तर : दीरांना प्रेमाने नकार द्या. तिकडच्या गाड्यांचे स्टिअरिंग डावीकडे असते. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ते उजवीकडे आणि गाडी 3 वर्षांच्या आतली हवी. शिवाय सीमाशुल्कही जबर.

दिल्लीत 10 वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर 2015 साली हरित लवादाने बंदी घातली. 2018 साली सुप्रीम कोर्टानेही ती कायम ठेवली. स्वस्ताईचे मूळ तेच. झाशी त्या क्षेत्राबाहेर आहे, पण नोंदणीच्या 15 वर्षांपैकी 6च उरली आहेत. दिल्लीचे ना-हरकत प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय, झाशीच्या आरटीओत चौकशी केल्याशिवाय बयाणासुद्धा देऊ नका. फिरणे शहरापुरतेच असेल, तर पेट्रोल गाडीच बरी.