विशेषणाचे नाम होताना : ‘अँटिबायोटिक’ आणि ‘प्रतिजैविक’

पिंपरी येथे १९५४ साली स्थापन झालेल्या ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ या कारखान्याच्या नावातील दुसरा शब्द अनेकवचनी नाम आहे. इंग्रजीत मात्र तो मुळात विशेषण होता, आणि तेही विरळा. १८६० च्या सुमारास अमेरिकी सागरशास्त्रज्ञ मॅथ्यू मॉरी यांच्या लेखनात तो आढळतो. तेथे औषधाचा काही संबंध नाही. खोल समुद्रतळाशी सापडलेल्या सूक्ष्म कवचांचे जीव तेथेच जगत होते काय, या वादात नकारार्थी पक्षाला लावलेले ते विशेषण होते. १८८९ मध्ये पॉल व्हुइमँ यांनी एका जीवाने दुसऱ्याच्या नाशावर जगण्याला तत्सम फ्रेंच संज्ञा दिली. १९४० च्या दशकात सेलमन वॅक्समन यांनी हे विशेषण सूक्ष्मजीवांनी निर्मिलेल्या जंतुरोधक द्रव्यांना लावले आणि पाहता पाहता विशेष्य गळून पडले.

ही प्रक्रिया मराठीला अपरिचित नाही. ‘मासिक पुस्तक’ यातील ‘पुस्तक’ गेले आणि ‘मासिक’ उरले. ‘दैनिक’, ‘साप्ताहिक’ त्याच वाटेने आले. मराठी विश्वकोशाने ‘प्रतिजैव पदार्थ’ असे विशेष्यासह रूप स्वीकारले होते. रूढ झाले ते ‘प्रतिजैविक’, आणि त्याचे ‘प्रतिजैविके’ असे नपुंसकलिंगी अनेकवचनही सहज झाले. विशेष्य गेल्याने जे हरवले ते मात्र लहान नाही. ‘प्रति’ म्हणजे विरुद्ध हे मान्य केले (‘प्रतिदिन’, ‘प्रतिमा’ यांत तो अर्थ नाही, हे तूर्त सोडून देऊ), तरी कोणत्या जीवाविरुद्ध, हे शब्द सांगत नाही. विषाणूजन्य सर्दीवरही प्रतिजैविक मागणाऱ्या रुग्णाला व्युत्पत्ती काय सांगणार? हे औषध जिवाणूंवर चालते, विषाणूंवर नाही, हे ज्ञान शब्दाच्या घटकांत नसून त्याच्या वापराच्या इतिहासात आहे.

आमच्या मराठी विभागांत मात्र पारिभाषिक शब्दांचा विचार धातू, उपसर्ग, प्रत्यय येथेच थांबतो. मला हे अपुरे वाटते. ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे मुख्य खंड १९३२ ते १९३८ या काळातले, या शब्दाचा मराठी प्रवास त्यानंतरचा. तो कालक्रमाने नोंदवायचा तर पेनिसिलिनविषयीच्या पन्नाशीतील मराठी वृत्तपत्रीय बातम्या, औषधांची वेष्टने आणि कारखान्यातील सूचनाफलक पाहावे लागतील. पिंपरीत बोलताना लोक कारखान्याला नुसते ‘एच. ए.’ म्हणतात, तेथे काम केलेली पहिली पिढी झपाट्याने विरळ होत आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या लोकांच्या बोलण्यातील शब्द आधी टिपून घ्यावेत, कोशांकडे नंतर वळावे.