पोटखराब्यातला बेडूक

ज्या जमिनीत पीक येत नाही, तिला सातबारा ‘पोटखराबा’ म्हणतो. मराठवाड्यातल्या आम्हा माणसांच्या हा शब्द इतका अंगवळणी पडला आहे की संभाजीनगरभोवतालचा एखादा माळ उकरला गेला तरी काही गेले असे वाटत नाही. याच शब्दाने सह्याद्रीत एक अख्खी प्रजाती संपू शकते.

सिंधुदुर्गातल्या आंबोलीत जांभ्या दगडाचे उघडे, पीक न येणारे सडे आहेत. अंगावर वाघासारखे पिवळे पट्टे असलेला एक छोटा भेक तिथे राहतो. शास्त्राने त्याला 2009 साली नाव दिले, झँथोफ्राइन टायग्रिना. आंबोलीचा परिसर हेच त्याचे घर. धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. त्याच्या वंशात (जीनसमध्ये) त्याला एकच भाऊबंद, कोयनेचा भेक. म्हणजे अख्खा वंश महाराष्ट्राच्या हवाली आहे.

जंगल राखले की बेडूक राखला, असे आपण धरून चालतो. इथे ते पुरत नाही. पावसाच्या सुरुवातीला सड्यावरच्या खळग्यांत बोटभर पाणी साचते, त्यात हा भेक अंडी घालतो. एरवी तो दगडांखाली दडून असतो. त्याला झाडी लागते तसा तिच्या कडेचा उघडा कातळही लागतो. कातळावर चिरेखाण निघाली, माती टाकून गाड्या लावायला जागा केली, तर एकही झाड न तोडता त्याची वीण बुडते. खड्डे खणून रोपे लावली तरी तेच होते, आणि मला जास्त भीती याचीच वाटते, कारण वृक्षारोपणाला कोणी अडवत नाही. जगातल्या उभयचरांपैकी सुमारे 41 टक्के प्रजाती आज धोक्यात आहेत. त्यांतल्या काहींचा अधिवास असाच, कोणाच्या हिशेबात न बसणारा आहे.

आंबोलीतच हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडात 2020 साली माशाची नवी प्रजाती सापडली आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैविक वारसास्थळ झाली. एवढ्याशा जागेलाही सरकार जपू शकते, हे तिथे दिसले. पण कुंडाला देव आहे, बारमाही पाणी आहे. सडा आठ महिने कोरडा, काळा आणि ओसाड दिसतो. म्हणून भेकाच्या विणीचे सडे नकाशावर आखून त्यांची नोंद महसुली दप्तरात अधिवास म्हणून झाली पाहिजे, आणि मृगाच्या पहिल्या सरींच्या रात्री त्यांच्या कडेच्या रस्त्यांवरची वाहने थांबली पाहिजेत. नर कातळावर साद घालू लागतात त्याच दिवसांत धबधब्याकडे निघालेल्या गाड्या घाट चढत असतात.