अर्धी उघडलेली मूठ

वकिलापाशी बोललेले वकिलापाशीच राहावे, हा नियम न्यायदानाच्या पायाचा दगड आहे. अशिलास निर्भयपणे सत्य सांगता आले नाही, तर वकिलास योग्य सल्ला देता येणार नाही आणि न्यायासनापुढे अर्धसत्यच येईल. म्हणूनच १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने ह्या गुप्ततेस संरक्षण दिले, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने ते कलम १३२ ते १३४ मध्ये कायम ठेवले. हे संरक्षण अशिलाचे आहे, वकिलाचे नव्हे. ते सोडण्याचा अधिकारही अशिलाचाच.

२०२५ साली एका आरोग्यविमा कंपनीच्या समभाग-योजनेवर अभिप्राय देणाऱ्या ज्येष्ठ वकिलास सक्तवसुली संचालनालयाने समन्स धाडले. वकीलवर्गात निषेधाचा सूर उमटताच ते मागे घेण्यात आले. पुढे त्याच वर्षी ३१ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने तपासयंत्रणांच्या अशा समन्सांना कडक मर्यादा घातल्या. ह्या निर्णयाचे आम्ही स्वागतच करतो. परंतु बाहेरच्या आक्रमणापासून गुप्तता वाचली, एवढ्याने प्रश्न संपत नाही. ती पाळणाराच तिचा सोयीपुरता उपयोग करू लागला तर काय?

हा प्रश्न मुंबईतील बड्या कचेऱ्यांपुरताच आहे, असे कोणी समजू नये. परभणीजवळील झरीचेच एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दहा शेतकरी एकत्र आले की त्यांना उत्पादक कंपनी स्थापन करता येते. समजा, झरीच्या शेतकऱ्यांनी अशी कंपनी काढली, संचालकांनी सोयाबीनचा एक मोठा सौदा केला आणि तो बुडाला. सभासदांनी जाब विचारताच संचालक म्हणतात, ‘आम्ही वकिलांच्या सल्ल्यानेच वागलो.’ सभासद म्हणतात, ‘मग तो सल्ला दाखवा.’ त्यावर उत्तर मिळते, ‘तो गोपनीय आहे!’ सल्ल्याची फी सभासदांच्या भांडवलातून गेली. आधार मात्र संचालकांना मिळाला.

कंपनीने स्वतःच्या भागधारकांपासून असा सल्ला लपवू नये, असा एक नियम इंग्लंडमध्ये शतकाहून अधिक काळ मानला जात होता. २४ जुलै २०२५ रोजी बर्म्युडाच्या एका कंपनीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने तो मोडीत काढला. कंपनी ही भागधारकांहून वेगळी व्यक्ती आहे, हे त्यामागील तत्त्व आम्हांस अमान्य नाही. प्रत्येक भागधारकास वकिलाचे टिपण उघडण्याची मुभा दिली, तर कोणता संचालक मोकळेपणाने सल्ला घेईल? पण ते दार बंद झाले असेल, तर दुसरे दार अधिक काटेकोरपणे राखले पाहिजे. सल्ल्याचा आधार जो स्वतःहून घेतो, त्याने तो सल्ला दाखवावा.

आपल्या कायद्यात ह्या विचाराचे बीज आहेच. कलम १३४ नुसार, जो पक्षकार स्वतः साक्षीस उभा राहतो, त्याच्या साक्षीचा उलगडा होण्यासाठी आवश्यक तेवढा सल्ला उघड करण्यास न्यायालय त्याला भाग पाडू शकते. त्याहून अधिक मात्र नाही. कंपनीला स्वतः पिंजऱ्यात उभे राहता येत नाही. तिच्या वतीने संचालकच बोलतात. म्हणून संचालकाने शपथपत्रात वकिलाच्या सल्ल्याची ढाल पुढे केली, तर हेच माप कंपनीलाही लागू व्हावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ह्याची दुसरी बाजूही आम्ही नजरेआड करीत नाही. कारकुनाच्या चुकीने एखादा कागद प्रतिपक्षाच्या हाती पडला, म्हणून गुप्तता सुटली असे मानणे अन्यायाचे होईल. कलम १३२ वकिलाला तोंड उघडण्यासाठी अशिलाची ‘स्पष्ट’ संमती मागते, ते उगाच नव्हे. चूक म्हणजे संमती नव्हे. पण कंपनीने आपल्या फायद्यासाठी विचारपूर्वक केलेले विधान ही चूक कशी म्हणावी?

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. कंपनीने ती झाकलेली ठेवावी. तो तिचा हक्क आहे. वाटल्यास ती उघडावी. तोही तिचाच हक्क आहे. पण आतले एकच नाणे दाखवून बाकीची रक्कम विश्वासावर घ्या, असे तिने न्यायालयास आणि झरीच्या शेतकऱ्यास सांगू नये.