नागपूर कुणाच्या नावाचं?



परवा रात्रपाळीत, चहाच्या सुट्टीत, एक शहाणा म्हणाला, "तुमच्या बाबांनी नागपूर निवडलं ते संघाला खिजवायला." आपल्यातलाच एक पोरगा दात काढून म्हणतो, "हां, जिरवली ना!" शहाण्याचा राग आला नाही. पोराचा आला.

अरे, १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा झाली. दुसऱ्याच दिवशी बाबासाहेबांनी भाषणात याचा जबाब दिला. संघाचा विचारही मनात नव्हता, म्हणाले. नागपूर का? तर नाग लोक. बुद्धाचा धम्म भारतभर नेला तो नागांनी. आर्यांनी त्यांना छळलं. त्यांची वस्ती या मुलखात, गावातून वाहते ती नाग नदी. भाषण छापलेलं आहे. वाचलंय किती जणांनी? आपण दुसऱ्याच्या नावावर टाळ्या घेतो आणि आपल्या पूर्वजांचं नाव गिळून बसतो.

पोथीवाला सांगतो, नाग म्हणजे साप. खांडववन जाळलं, ते तक्षकाचं घर. जनमेजयानं यज्ञ केला, आहुती सापांची. जाळणाऱ्याच्या पोथीत जळणारा माणूस कसा राहील? साप ठरवला की मारायला पाप नाही. वर पुन्हा नागपंचमीला दूध!

कुणी विचारेल, नागांपासून तुमच्यापर्यंतची साखळी दाखवा, ताम्रपट दाखवा. ज्यांना अक्षर शिवू दिलं नाही त्यांच्याकडे ताम्रपट कुठले, शेट? नदीचं नाव तेवढं राहिलं.

आणि आपलाही एक खोटेपणा सांगतो. हे शहर अठराव्या शतकाच्या सुरवातीला वसवलं ते देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह यानं. आपल्या किती सभांत त्याचं नाव निघतं? आदिवासीचं देणं विसरणारे आपण दुसऱ्याला कुठल्या तोंडानं विसरभोळा म्हणणार?

मैदानाचं तर असं की त्या सकाळपर्यंत ती व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळची सुमारे १४ एकर मोकळी जागा होती, बस्स. तिथं लाखो माणसं उभी राहिली, म्हणून ती दीक्षाभूमी झाली. स्तूपाचं उद्घाटन २००१ सालचं. नाव त्याच्या कितीतरी आधीचं.

दुसऱ्या रात्री पोरगा आला. भाषणाची माझी प्रत नेली, तेलाच्या डागांसकट. म्हणाला, "दसऱ्याला जातोय. नाग नदी कुठं दिसते?"

म्हटलं, वासावर जा. सगळ्या शहराची गटारं तिच्यातच सोडलीत.