उपवासाला मान, पथ्याला नाही

आपल्याकडे न खाण्याला केवढा मान आहे! "आज माझी चतुर्थी" एवढं म्हटलं की घरातली बाई लगेच साबुदाणा शोधायला लागते. चातुर्मासात कांदा-लसूण सोडलेल्यांची भाजी आधी वेगळी काढली जाते. काशीला जाऊन एखादा पदार्थ सोडून आलेल्या आजीला त्याचा आग्रह पुन्हा कुणी करत नाही. पण "डॉक्टरांनी बंद केलंय" म्हणून बघा... सगळी मंडळी एकदम डॉक्टर! "एकाने काय होतंय?", "प्रसाद आहे, बाधायचा नाही", "आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं."

मला सीलिअॅक आहे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन असतं. ते पोटात गेलं की माझी प्रतिकारशक्ती माझ्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. ग्लुटेन जन्मभर आणि पूर्ण बंद, एवढाच उपाय. थोड्याशानेही आतड्याला इजा होते, पण ती ताटावर बसल्याबसल्या दिसत नाही. म्हणून लोकांना पटत नाही.

खरं तर मराठी स्वयंपाकघरात माझी उपासमार होत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ चालतात. उकडीचे मोदक चालतात. उपवासाचं तर विचारूच नका, साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा... जवळजवळ अख्खं ताट माझंच! अडतं ते डोळ्यांना न दिसणाऱ्या ठिकाणी. बाजारातल्या हिंगाच्या डबीत बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, म्हणजे वरणाची फोडणी गेली. गिरणीत गव्हामागून ज्वारी दळली की भाकरी गेली. पुऱ्या तळलेल्या तेलात तळलेला पापडही गेला.

पण हे सगळं सांभाळता येतं. सांभाळता येत नाही ते माणसांचं वागणं. सत्यनारायणाचा शिरा कपाळाला लावून शेजारणीच्या हातावर ठेवला की कुजबुज होते. आणि त्याहून वाईट म्हणजे हळूहळू बोलावणीच कमी होतात. "तुझे हाल होतील गं, म्हणून नाही सांगितलं." यात माया असते, मला कळतं. पण मायेनेच माणूस एकटा पडतो. मधुमेहवाल्यांचं, मीठ आणि पाणी मोजून घेणाऱ्या किडनीच्या रुग्णांचं हेच होतं. आधी जेवण सुटतं, मग लग्न-मुंज, मग हळदीकुंकू.

माझं मत विचाराल तर पथ्य असलेल्याने जाणं सोडू नये. आदल्या दिवशी फोन करून एकदाच स्पष्ट सांगावं, लागलं तर डबा न्यावा आणि पंगतीतच बसून खावा. संकोच दोन वेळा होतो, तिसऱ्यांदा कुणी बघतही नाही.

आणि यजमानांनी? वेगळा स्वयंपाक करायची गरज नाही. साधा भात आणि फोडणीआधी काढलेलं वरण पुरतं. शिऱ्याबरोबर एखादं केळं ठेवलं तर तेही प्रसादच असतं. वेगळी कढई, वेगळा डाव, याचा हात त्याला लागू न देणं, हे आपल्या आज्या सोवळ्यात आणि उपवासाला वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. सीलिअॅकला नेमकी तीच शिस्त लागते. ती आपल्याला येते, फक्त देवासाठी येते तशी माणसासाठी वापरायची.

कुणी म्हणेल, आग्रह हीच आपली प्रेमाची रीत. मान्य! मलाही आग्रह हवा असतो. फक्त तो पोळीचा नको. आत्या, मावश्या, वहिनी, सगळ्यांना सांगणं एकच... आग्रह करायचाच तर "अजून थोडा वेळ बस" असा करा. तो मी कध्धी मोडणार नाही. :)